आधी धावदोरा: घरच्या घरी वेल्डिंग शिकताना

माझ्या जुन्या शिलाई मशीनच्या स्टँडचा एक पाय तडकला आणि तो जोडायला म्हणून मी वेल्डिंग मशीन घेतलं. तीस वर्षं कपडे शिवले, आता लोखंड शिवायचं, त्यात काय एवढं, असा तोरा होता. रॉड टेकवला, ठिणग्या उडाल्या, पाय जोडल्यासारखा दिसला. दहा मिनिटांनी ‘टिक’ असा बारीक आवाज आला आणि जोडाच्या अगदी शेजारी नवी चीर पडली. आधी एक होती, आता दोन.

त्या जुन्या स्टँडचे पाय बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे होते, हे मी बघितलंच नव्हतं. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. अँगल, पट्टी, चौकोनी पाइप यांचं साधं लोखंड, म्हणजे माइल्ड स्टील, त्यात तो पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. वितळलेला जोड थंड होताना आक्रसतो आणि शेजारच्या धातूला ओढतो. माइल्ड स्टील ती ओढ सोसतं, बीड तडकतं. तेव्हा शिकायचं ते माइल्ड स्टीलवरच. ओळखता येत नसेल तर कोपऱ्याला ग्राइंडर लावून बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि फिकट पिवळ्या निघतात, बिडाच्या आखूड आणि लालसर.

घरी सुरुवात करायला मी रॉडचं वेल्डिंगच सांगेन. गॅसचा सिलिंडर लागत नाही, उघड्यावर वाऱ्यात चालतं आणि जरासा गंज असला तरी निभावतं. पातळ पत्र्यासाठी मिग मशीन, ज्यात रॉडऐवजी तार आपोआप पुढे सरकते, ते सोपं जातं हे खरं, पण रॉडवर बसलेला हात पुढे कुठेही उपयोगी पडतो. १५० ते २०० अँपिअरचं छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पुरे, कारण तुमचं काम ६० ते ९० अँपिअरमध्येच होणार आहे. मशीनवर ‘६० टक्के ड्यूटी सायकल’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ त्या करंटवर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटंच चालवायचं. नवशिक्याला त्याची चिंता नको. आपला निम्मा वेळ जोडावर जमलेली कडक खपली काढण्यात आणि स्वतःला दोष देण्यात जातो. मात्र एक्स्टेन्शनची वायर जाड हवी आणि पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळी तशीच ठेवून काम केलं तर ती आतल्या आत तापते.

रॉड घ्यायचा ६०१३, जाडी २.५ मिलिमीटर. पहिले दोन आकडे जोडाच्या ताकदीचे: दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांचा ताण. पुढचा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कसंही चालेल. शेवटचा ३ रॉडवरच्या लेपाचा. हा लेप जळताना निघणारा वायू वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो आणि वर खपलीचं पांघरूण घालतो. लेप दमट झाला की रॉड फुरफुरतो आणि जोडात बारीक छिद्रं पडतात, म्हणून डबा घट्ट बंद ठेवा. ७०१८ रॉडची कोणी स्तुती केली तर ऐकून घ्या आणि पुढच्या वर्षासाठी ठेवा. तो ओलाव्याच्या बाबतीत फार नाजूक आहे.

आता अंगावर काय घालायचं. हा माझा प्रांत, म्हणून जरा ऐसपैस सांगते. कापड सुतीच हवं. खात्री नसेल तर शिवणीच्या आतला एक धागा काढून काडीने पेटवा. राख झाली तर सुती. वितळून टोकाला कडक गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे, आणि ठिणगी पडल्यावर तीच गोळी कातडीला चिकटणार. बाह्या पूर्ण, गळ्याचं बटण लावलेलं, पँटची घडी उलगडलेली, कारण दुमडीत ठिणग्या साठतात. खिशांना झाकण हवं. बूट चामड्याचे आणि बंद, हातमोजे चामड्याचे आणि कोरडे. ओल्या हाताने किंवा घामाने भिजलेल्या हातमोज्याने रॉड बदलू नका. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, बंद असतानाही होल्डरवर, म्हणजे रॉड धरायच्या चिमट्यावर, ६० ते ८० व्होल्ट असतात. पायाखाली कोरडी फळी ठेवा. पेसमेकर बसवलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तोंडावरच्या पडद्याची काळी काच १० नंबरची, हा नंबर काळेपणाचा. आपोआप काळी होणारी असेल तर काम सुरू करायच्या आधी ती खरंच काळी होते ना हे रोज तपासा. मी एकदा ‘एकच तर टाका मारायचाय’ म्हणून पडदा न लावता नुसते डोळे मिटले. तेव्हा काहीच वाटलं नाही. रात्री दोनला जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू कोंबल्यासारखी. याला डोळ्यांना वेल्डिंग लागणं म्हणतात. अतिनील किरणांनी बुबुळाचा पृष्ठभाग भाजतो आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं. चोळू नका, ऐकीव थेंब घालू नका, डॉक्टर गाठा. शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाही लागतं, तेव्हा मुलांना आधी लांब पाठवा.

आणि वय चाळिशीच्या पुढे असेल तर पडद्याच्या आत चाळिशी लावा! पहिले पंधरा दिवस मी रेघा वाकड्या का जातात म्हणून हाताला शिव्या दिल्या. सुईत दोरा ओवताना चष्मा लावणारी बाई वेल्डिंग करताना तो काढून ठेवत होती.

काम उघड्यावर किंवा दारं-खिडक्या उघडून करा आणि डोकं धुराच्या बाहेर ठेवा. गॅल्व्हनाइज्ड पाइपला हात लावू नका; त्यावरच्या जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. रंग आणि तेल जोडापासून बोटभर अंतरापर्यंत घासून काढा. साफ करायला ब्रेक क्लीनरसारखी क्लोरीनयुक्त रसायनं वापरू नका, आर्कजवळ त्यांचा अत्यंत विषारी वायू होतो. बंद पिंप किंवा इंधनाची टाकी, रिकामी असली तरी, कधीही नाही. आगीचं म्हणाल तर ठिणगी कित्येक फूट घरंगळत जाते. माझ्या चिंध्यांच्या टोपलीतून धूर आला तो काम संपल्यावर वीस मिनिटांनी. तेव्हापासून जवळ पाण्याची बादली ठेवते, मशीनचं बटण बंद केल्यावरच ती वापरायची. आणि काम झाल्यावर अर्धा तास तिथेच रेंगाळते.

आता हात. पाच-सहा मिलिमीटर जाड पट्टीचा वीतभर तुकडा घ्या. पातळ पाइप नको, त्याला भोक पडतं आणि उत्साहालाही. अर्थचा क्लॅम्प, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या वायरचा चिमटा, पट्टीवर घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. निम्म्या तक्रारी त्या क्लॅम्पच्या गंजातून येतात. करंट ७५ वर ठेवा. रॉड काडी ओढल्यासारखा पट्टीवर ओढा आणि आर्क पेटला की लगेच किंचित उचला. चिकटणारच. चिकटला तर होल्डर बाजूला झटकून पिळा, नाही सुटला तर होल्डरचा चिमटा दाबून रॉड सोडून द्या. पडदा मात्र वर करायचा नाही. दहातले आठ रॉड चिकटत असतील तर करंट पाच-पाचने वाढवा.

आर्क टिकला की रॉडचं टोक आणि पट्टी यांत रॉडच्या जाडीइतकंच अंतर ठेवा, म्हणजे अडीच मिलिमीटर. रॉड जळून आखूड होत जातो, तेव्हा हात पुढे जाता जाता खालीही यायला हवा. हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. रॉड ज्या दिशेने न्यायचा तिकडे वरचं टोक १५ अंश कललेलं असू द्या, आणि उजव्या हाताचे असाल तर डावीकडून उजवीकडे जा. अंतर बरोबर असलं की पत्र्यावर संततधार पाऊस पडतोय असा एकसारखा आवाज येतो. अंतर वाढलं की आवाज फाटतो आणि तुषार उडतात.

आणि बघायचं कुठे? माझं सगळं शिक्षण या एका प्रश्नात अडकलं होतं. मी त्या लखलखाटाकडे बघत होते. शिवताना नवखी मुलगी सुईकडे बघत बसते आणि शिवण वाकडी जाते. बघायचं असतं ते कापडाच्या कडेकडे. इथे आर्कच्या मागे वितळलेल्या धातूचं छोटं डबकं दिसतं, नजर त्यावर हवी. डबक्याची मागची कड गोल असेल तर वेग बरोबर. निमुळती टोकदार झाली तर तुम्ही पळताय. डबकं पसरून खपली आर्कच्या पुढे घुसायला लागली तर रेंगाळताय, किंवा करंट कमी आहे. रेघेची रुंदी रॉडच्या जाडीच्या दुपटी-अडीचपट राहिली की झालं.

शिवणाच्या खडूने आखलेली रेघ पडद्यातून मला दिसेना, म्हणून छिन्नीने बारीक ठिपके मारले. त्यावरून नुसत्या रेघाच रेघा. एक रॉड जेमतेम मिनिटभर चालतो. रेघ झाली की गॉगल घालून हातोडीने खपली फोडा, तारेच्या ब्रशने घासा, बघा, तुकडा थंड होऊ द्या आणि मग पुढची. अख्खा डबा असाच संपवा. मला तो फुकट गेल्यासारखा वाटत होता. मग आठवलं, मी शिकवते त्या मुलींना महिनाभर कागदावर शिवायला लावते.

दुसऱ्या डब्यात उलट्या ‘टी’सारखा जोड. एक पट्टी आडवी, तिच्यावर दुसरी उभी, रॉड कोपऱ्यात ४५ अंशांत. एकाच बाजूने वेल्ड करा, थंड झाला की पकडीत धरून उभी पट्टी वेल्डच्या अंगावर हातोड्याने पाडा. जोड उसवला तर आत बघा. पट्टीची मूळची सरळ कड तशीच शाबूत दिसली तर धातू मुळापर्यंत पोचलाच नव्हता, वरवर चिकटला होता. माझे पहिले सहा जोड बाहेरून देखणे आणि आतून असेच निघाले. सातव्याला करंट ८५ केला, कोपऱ्यात डबकं नीट भरेपर्यंत हात आवरला, आणि पट्टी वाकली पण जोड सुटला नाही.

मग चौकट. इथे धावदोऱ्याची सवय कामी आली. एक कोपरा पूर्ण वेल्ड केलात की चौकट वाकलीच समजा, एका बाजूने दोरा खेचल्यावर कापड चुणतं तशी. आधी चारही कोपऱ्यांना पाच-सात मिलिमीटरचे टाके, मग गुण्या लावून काटकोन बघायचा, दोन्ही कर्ण मोजायचे. फरक असेल तर टाका ग्राइंडरने उडवून पुन्हा. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणारे खूप दिसतात. तुम्ही काढू नका. पूर्ण वेल्ड समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने, थोडं इथे, थोडं तिथे.

पहिली वस्तू कुंडीचा स्टँड किंवा बुटांची मांडणी असू द्या. झोपाळा, जिना, कठडा, गाडीचा कोणताही भाग, म्हणजे जो जोड सुटला तर माणूस पडेल ते काम, अजून कित्येक महिने नको.

स्टँडच्या त्या पायाचं मी पुढे वाचलं. बिडाला निकेलचा रॉड लागतो, इंचभराहून लांब रेघ एका वेळी मारायची नाही, प्रत्येक रेघ गरम असतानाच हातोडीने हलकी ठोकायची आणि मग सावकाश निवू द्यायची. वाचून ठेवून दिलं. पायाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून चार नटबोल्ट आवळले आहेत. मशीन त्यावर चालतंय, वेगात शिवलं की जरा खुळखुळतं.