जळालेलं कचरा वर्गीकरण केंद्र पुन्हा उभारताना या चुका टाळा

शेड जळालं की दुसऱ्याच दिवशी जेसीबी बोलावला जातो. पहिली चूक इथेच होते. राख, वितळलेलं प्लास्टिक, वाकलेले अँगल आणि फुटके सिमेंटचे पत्रे एकाच डंपरमध्ये गेले की पुढे काहीच वेगळं करता येत नाही. जुन्या शेडच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. बकेटखाली ते चुरडले की त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात कायमचे रुततात. म्हणून पत्रे आधी पाण्याने भिजवा, अखंड उतरवा, जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळा आणि वर ‘ॲस्बेस्टॉस’ असं ठळक अक्षरांत लिहा. काम करणाऱ्याच्या तोंडाला ओढणी किंवा रुमाल चालणार नाही, एन-९५ मास्कही पुरत नाही; पी-१०० फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. असे पत्रे राडारोड्यात नाही, मुंबई-ठाण्याच्या भागात तळोज्याच्या धोकादायक कचरा केंद्रात जायला हवेत. राखेचा नमुना तपासून येईपर्यंत ती ताडपत्रीखाली ठेवा.

हे काम पावसाळ्याच्या तोंडावर आलं, तर पाण्याचा हिशेब आधी मांडा. ६०० चौरस मीटर उघड्या जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३० हजार लिटर पाणी जमतं. ते राखेतून वाहत नाल्यात आणि तिथून ठाणे खाडीत जातं. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नाल्याकडची बाजू वाळूच्या गोण्यांनी अडवा, पाणी टाकीत घ्या आणि तपासल्याशिवाय सोडू नका.

दुसरी मोठी चूक माणसांच्या बाबतीत होते. नुकसानीची यादी ठेकेदाराच्या हजेरीपटावरून करतात. वजनावर माल निवडणाऱ्या, स्वतः वेचून आणून विकणाऱ्या बायका त्या पटावर नसतातच, आणि रोजी मात्र त्यांचीच आधी बुडते. नावं जागेवर जाऊन लिहा, मुकादमाला विचारून नव्हे. बैठक दुपारी घ्या, सकाळ त्यांच्या कामाची असते.

केंद्र बंद असलं तरी घंटागाड्या थांबत नाहीत. रोजचा ५ टन सुका कचरा, घनमीटरला १०० किलो धरला, तर ५० घनमीटर होतो. दीड मीटर उंचीने रचला तरी रोज सुमारे ३३ चौरस मीटर जागा खातो. तीन दिवस उचल झाली नाही की १०० चौरस मीटर गेले. तात्पुरती जागा घेताना हाच आकडा विसरला जातो आणि ढीग रस्त्यावर येतो. तिथेही छप्पर, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी संडास पहिल्या दिवसापासून हवा.

नव्या आराखड्यात आगीचं जुनं कारण तसंच ठेवू नका. मोबाइलच्या, खेळण्यांच्या लिथियम बॅटऱ्या बेलरमध्ये, म्हणजे कचरा दाबून गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रात, दबल्या की पेटतात. त्या आधीच, निवडीच्या सरकत्या पट्ट्यावर, वेगळ्या काढून कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या पिंपात टाका आणि पिंप शेडबाहेर ठेवा. बांधलेले गठ्ठे भिंतीला टेकवू नका, मधून माणूस आणि पाण्याचा पाइप जाईल इतकी वाट ठेवा.

निवडीच्या पट्ट्याची उंची मात्र सहसा कॅटलॉगवरूनच ठरते. पट्टा उंच असला की बुटक्या बाईचे खांदे दिवसभर वर ताणलेले राहतात. रुंद असला की पलीकडची बाटली घ्यायला ती कमरेतून वाकते आणि महिन्याभरात पाठ धरते. ऑर्डर देण्याआधी विटांवर फळी मांडा, काम करणाऱ्या चार-पाच जणींना तिथे उभं करा. कोपराच्या किंचित खाली हात सहज चालतो ती उंची, आणि न वाकता हात पोचतो ती रुंदी, खडूने आखून तेच माप पुरवठादाराला द्या.