दहा फुटी चेहरा रंगवायचा असेल तर

फोटोवरून सिनेमाचा बोर्ड कसा रंगवायचा, हे शिकायला दोन पोट्टे आमच्या वडशाच्या घरी येतात. त्यांना सांगतो तेच इथे लिहितो. मी आधी टुरिंग टॉकीजचे बोर्ड रंगवायचो. फ्लेक्स आलं, ते काम गेलं. आता दिवाळी आली की झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवतो.

कापड मांजरपाटच घ्या. चौकटीवर ताणताना पहिल्या चुका (बारीक खिळे) चारही बाजूंच्या मधोमध ठोका, मग कोपऱ्याकडे सरका, नाहीतर झोळ पडतो. त्यावर पातळ सरस (हाडा-कातड्याचा डिंक), तो वाळला की सरसातच कालवलेली खडूची पूड. सरस न लावता तेलरंग मारला तर तेल कापडाला खातं, काही वर्षांत ते बोटानं फाटतं.

मग चौकोन. फोटोवर एक-एक इंचाचे, कापडावर एक-एक फुटाचे. सुताला गेरू लावून दोघांनी टोकं धरायची आणि मधून टिचकी मारायची, रेघ सरळ येते. सहा बाय दहा इंचाचा फोटो असा सहा बाय दहा फूट होतो.

आता डोळे. माझं सगळं शिक्षण इथंच झालं. एका बोर्डावर मी नायिकेचा उजवा डोळा शिडीवर बसून सकाळभर रंगवला. पापणीचा केस न् केस काढला. खाली उतरून रस्त्यापलीकडे गेलो तर बाई तिरळी दिसत होती. आमच्या उस्तादांनी काही न बोलता चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून तो डोळा पुसून टाकला. तेव्हापासून दर दहा-पंधरा फटकाऱ्यांनंतर खाली उतरतो, चाळीस पावलं मागे जातो, डोळे अर्धे मिटून पाहतो. बोर्ड एसटीतून जाणाऱ्या माणसासाठी असतो, शिडीवरच्या माणसासाठी नाही. बुबुळातला पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला द्या. नजर त्यानंच जमते.

सावलीत काळा रंग घालू नका, चेहरा मळका दिसतो. निळा आणि तपकिरी मिसळा, उजेडाच्या कडेला बेधडक नारिंगी ओढा. पोस्टर रंगवणाऱ्या दिवाकर करकरेंचं ‘दीवार’चं (१९७५) पोस्टर मिळालं तर बघाच. रंग सुरीनं थापलेला आहे, जवळून नुसते ओरखडे, दुरून अमिताभचा राग. चित्रकार एम. एफ. हुसेनही तरुणपणी मुंबईत सिनेमाचे बोर्डच रंगवायचे. हे काम हलकं समजणाऱ्याला मी हे आवर्जून सांगतो.

पहिल्या हाताला टर्पेंटाइन जास्त, वरच्या हाताला तेल जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी सुकून भेगा पडतात. तेल आमच्याकडे घाण्यावरचं जवसाचं मिळतं. ते गाळून बाटलीत निवळू द्या. पांढऱ्यात मात्र कमी घाला, ते पिवळं पडतं.

आणि तेलाच्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात टाकू नका, विशेषतः मे महिन्यात. त्या आतल्या आत तापून आपोआप पेटतात. बादलीभर पाण्यात बुडवा नाहीतर एकेक सुटी वाळत घाला.

जुन्या बोर्डावर नवीन काढायचा असेल तर लाल रंगावर पांढऱ्याचे दोन हात द्या. काही लाल एका हातात दबत नाहीत. नव्या नायकाच्या गालावर जुन्या नायिकेची साडी उमटते.