काटे नसलेलं घड्याळ कसं पाहावं

इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या कॅथेड्रलमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिथल्या जुन्या घड्याळाभोवती घुटमळत राहिलो, तबकडी काही सापडेना. चाळीस वर्षं पुण्यात घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आणि लेक शेजारी उभी राहून हसतेय! तबकडी त्याला नाहीच. काटेही नाहीत. तेव्हा तुम्ही जाल तर ती शोधत बसू नका.

आत शिरल्यावर वेदीकडे तोंड करा. डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, साधारण छातीएवढा उंच लोखंडी सांगाडा दिसेल. तेच ते. आपण ‘किती वाजले?’ विचारतो ना, ते इथे अक्षरशः खरं. याचं काम एकच, तासाचे टोल देणं. गावानं ऐकायचं, बघायचं काही नाही.

आधी कोपरे बघा. सगळा सांगाडा खुंट्या आणि पाचरी ठोकून जोडलाय. हे लोहाराचं काम, आमच्या चिमट्या-भिंगाचं नव्हे. मग दोर धरून नजर वर न्या. दोन मोठे धोंडे टांगलेत. ते खाली उतरतात, दोराचे पिंप फिरतात आणि चक्रं चालतात. स्प्रिंग कुठेच नाही. एक धोंडा वेळेचा, दुसरा टोलांचा.

आता वेळेच्या बाजूला वरती बघा. एक आडवा दांडा अर्धवट वळून थांबतो, मागे येतो, परत वळतो. त्याच्या उभ्या कण्याला दोन पाती आहेत, ती आळीपाळीनं दातेरी चक्र अडवतात आणि सोडतात. दांड्याच्या टोकांना वजनं असतात. ती आत सरकवली की घड्याळ जलद, बाहेर नेली की मंद. मोबाइलवर सेकंद लावून दहा हेलकावे मोजा, पुन्हा दहा मोजा. लंबकाचा काटेकोरपणा मिळणार नाही. अशी घड्याळं दिवसाला दहा-पंधरा मिनिटं सहज चुकायची. एक सांगून ठेवतो, हा दांडा जुना नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे लंबक बसवला होता. 1956 च्या दुरुस्तीत तो काढून मूळ पद्धतीचा दांडा नव्यानं केला. टोलांची बाजू मात्र बरीचशी जुनी आहे, म्हणून जास्त वेळ तिथेच द्या.

तिथे एका चक्राच्या कडेला खाचा दिसतील. अंतरं मोजा. एकेक खाच आधीच्यापेक्षा लांब लांब पडत जाते. अडकण खाचेत पडली की टोल थांबतात. एक, दोन, तीन करत बारापर्यंत, एका फेरीत 78 टोल. शेजारचा पंखा हवा कापत टोलांची गती आवरतो, नाहीतर सगळे भडाभडा पडतील.

हे चक्र मी लगेच ओळखलं. आमच्याकडे वाड्यांतली जुनी भिंतीवरची घड्याळं यायची, काटे पाच दाखवतायत आणि ठोके आठ. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘बिघडलंय.’ बिघडलेलं काही नसायचं. या चक्राला काटे कुठे आहेत ते कळतच नाही, ते आपले पुढचे ठोके देतं. अडकण बोटानं उचलून जुळेपर्यंत वाजवायचं, झालं. त्याचे मी पैसे घेत नसे. बायको म्हणायची, घ्यायला हवे होते.

शेजारच्या पाटीवरचं 1386 हे साल जरा जपून वाचा. त्या सालच्या एका दस्तात घड्याळ सांभाळणाऱ्याच्या घराचा उल्लेख आहे. ते घड्याळ हेच का, यावर जाणकारांचं एकमत नाही. आधी ते आवारातल्या वेगळ्या घंटाघरात होतं. ते घंटाघर 1790 च्या सुमारास पाडलं, मग घड्याळ मुख्य टॉवरमध्ये चढलं. 1884 मध्ये नवीन आलं आणि हे तिथेच धूळ खात पडलं. 1928 मध्ये टी. आर. रॉबिन्सन हे घड्याळांचे शौकीन नवीन घड्याळ बघायला वर गेले आणि त्यांना हे दिसलं.

पाय दुखत नसतील तर दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधल्याच वेल्स गावच्या कॅथेड्रलला जा. सॉल्झबरीचे बिशप राल्फ एर्घम 1388 मध्ये तिकडे गेले, आणि थोड्याच वर्षांत तिथेही घड्याळ लागलं. त्याला मात्र चोवीस तासांची तबकडी आहे आणि वर घोडेस्वार लढतात. दर वेळी तोच एक बिचारा पडतो. पण चक्रं बघायची असतील तर तिथे थांबू नका. जुनी यंत्रणा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.