ऑटोमॅटिक आणि हायब्रिड गाडी चालवताना या चुका टाळा

पी, आर, एन, डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) ही अक्षरं जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांवर दिसतात. आतलं यंत्र मात्र वेगवेगळं असतं आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये जनरल मोटर्सची हायड्रा-मॅटिक ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आली, तेव्हा इंजिनचा जोर गिअरपर्यंत तेलातून पोचत होता. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरचंही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलाच्या जोडाचंही, तत्त्व तेच. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओनं एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रानं हलवणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) आणली आणि ऑटोमॅटिक सामान्यांच्या बजेटमध्ये आली. पण एएमटीतून फक्त क्लचचं पेडल गेलंय. क्लच प्लेट आहे तिथेच आहे.

चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कात्रजच्या चढावर ट्रॅफिक अडकलं की अनेक जण ब्रेक न दाबता हलका ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर तोलून धरतात. एएमटी आणि ड्राय क्लच डीसीटीत (दोन कोरड्या क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये) अशा वेळी क्लच अर्धवट लागलेला असतो, प्लेट घासत राहते आणि तापते. टॉर्क कन्व्हर्टर हे काही वेळ सोसतो, कारण तिथे घसरतं ते तेल. तरी ते तेलही तापतंच. म्हणून सरळ ब्रेक दाबा, ऑटो होल्ड (ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर वापरा, आणि पुढे दोन गाड्यांची जागा झाल्यावरच निघा. इंच-इंच सरकण्यात काही मिळत नाही. मधे कुणी घुसलं तर घुसू दे.

जळका वास आला, किंवा आरपीएम वाढतोय आणि वेग वाढत नाही असं झालं, तर गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्या. हे वारंवार होत असेल तर प्लेट गेली समजा. एएमटीची प्लेट बदलल्यावर क्लच नेमका कुठे पकडतो हे स्कॅनर लावून कंट्रोलरला पुन्हा शिकवावं लागतं. स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये काम स्वस्तात होईल, पण नव्या प्लेटवरही गाडी झटके देईल.

साध्या चालवण्यात एएमटीला गिअर बदलताना जो हेलकावा बसतो, तो बिघाड नव्हे. गिअर पडायच्या वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करा, बराच कमी होतो.

उतारावर फक्त ‘पी’च्या भरवशावर राहणं

‘पी’ टाकल्यावर गाडी गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खिट्टीवर अडते. सोसायटीच्या रॅम्पवर आधी हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडीचं वजन त्यावर येऊ द्या, मग ‘पी’ टाका. कित्येक एएमटी गाड्यांना ‘पी’ नसतोच. त्या गिअरमध्ये ठेवूनच बंद करायच्या, न्यूट्रलमध्ये नाही.

हायब्रिड गाडी जाममध्ये ‘एन’वर ठेवणं

मॅन्युअलची ही सवय हायब्रिडमध्ये उलटते. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये, म्हणजे १९९७ च्या प्रियसपासून इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडपर्यंत, सीव्हीटीसारखा (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकसारखा) पट्टाही नाही आणि नेहमीचा क्लचही नाही. प्लॅनेटरी गिअरच्या एका संचाला इंजिन, जनरेटर आणि चाकांकडे जाणारी मोटर जोडलेली असते. ‘एन’ टाकला की जनरेटर वीज बनवणं थांबवतो. आजच्या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर मात्र विजेवरच चालतो, त्यामुळे बोरघाटात तासभर ‘एन’वर उभं राहिलात तर मोठी बॅटरी उतरत जाते, इंजिन चालू असलं तरी. ‘डी’मध्ये ब्रेक दाबून थांबा, नाहीतर ‘पी’ टाका.

याच गाड्यांबद्दलची दुसरी तक्रार म्हणजे ‘इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही, क्लच घसरतोय.’ घसरायला क्लच आहेच कुठे? जास्त ताकद मागितली की इंजिन थेट वरच्या आरपीएमला जातं आणि वेग मागून येतो. डॅशबोर्डवर दिवा नसेल तर त्यासाठी गाडी उघडू देऊ नका.

घाट उतरताना न्यूट्रल

ॲव्हरेज वाढतं हा समज जुना आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. खालचा गिअर किंवा ‘एल’ (लो) वापरा. टोयोटाच्या अनेक हायब्रिडमध्ये त्यासाठी ‘बी’ आहे. लांब उतारावर चाकांच्या फिरण्यातून बॅटरी भरली की तिला आणखी वीज घेता येत नाही, तेव्हा ‘बी’ इंजिनकडून रोध मिळवतो.

टोइंग आणि तेल

बंद पडलेली हायब्रिड पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होऊ लागते. टोइंगवाल्याला फोनवरच सांगा, फ्लॅटबेड पाठव. आणि गिअरबॉक्सचं तेल बदलताना गाडीच्या पुस्तिकेतला ग्रेड दाखवा. पट्ट्याच्या सीव्हीटीला सीव्हीटी फ्लुइडच लागतं, तर टोयोटाच्या हायब्रिडमध्ये नावात ‘ई-सीव्हीटी’ असूनही ते चालत नाही. नाव वाचून डबा उचलणारा मेकॅनिक इथेच चुकतो.