रुग्णालयाच्या बिलात फसवणूक झाली असेल, तर पैसे परत कसे मिळवायचे

डिस्चार्जच्या दिवशी घरचे दमलेले असतात, रुग्णाला कधी एकदा घरी नेतो असं झालेलं असतं, आणि काउंटरवर एकच आकडा सांगितला जातो: एकूण. खोटेपणा बहुतेक वेळा त्या एकूण आकड्याच्या पोटात असतो. तो बाहेर काढायला वकील लागत नाही. कागद लागतात, आणि ते ओळीओळीने जुळवण्याची चिकाटी लागते.

आधी एक फरक स्पष्ट करून घ्या. महाग बिल वेगळं आणि खोटं बिल वेगळं. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांच्या दरांना एरवी सरकारी कमाल मर्यादा नाही. मे २०२० मध्ये कोविडसाठी ८० टक्के खाटांचे दर बांधले गेले, तो अपवाद होता. त्यामुळे ‘फार घेतले हो’ या तक्रारीवर पैसे सहसा सुटत नाहीत. ‘हे इंजेक्शन दिलंच नाही, तरी बिलात आहे’ याला मात्र रुग्णालयाकडे उत्तर नसतं. आपली सगळी ताकद या दुसऱ्या वाक्यामागे लावा.

१. पैसे भरताना

शक्यतो रोख देऊ नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं आयकर कायद्यानेच रुग्णालयाला मना आहे. यूपीआय, कार्ड किंवा बँकेतून भरा आणि डिपॉझिटसह प्रत्येक रकमेची पक्की पावती घ्या. साध्या कागदावर लिहून दिलेला आकडा म्हणजे पावती नव्हे. बिल पटत नसेल, तर आपल्याकडच्या प्रतीवर आणि त्यांच्या प्रतीवरही लिहा: ‘बिलातील रकमांवर हरकत राखून पैसे भरत आहे.’ खाली सही, तारीख, वेळ. पुढे ‘तेव्हा तर तुम्ही मान्य केलं होतं’ असं कुणी म्हणू शकत नाही.

बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. तसं झालं तर वाद घालत बसू नका, सरळ ११२ वर फोन करा.

२. कागद मिळवा

दोन गोष्टी लेखी मागा: तारीखवार सविस्तर बिल, आणि इनडोअर केसपेपरची पूर्ण प्रत. केसपेपर म्हणजे डिस्चार्ज कार्ड नव्हे. त्यात डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, ऑपरेशन आणि भूल यांच्या नोंदी असतात. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार अर्ज केल्यापासून ७२ तासांत ही कागदपत्रं द्यावी लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. कुणी पोच देत नसेल, तर तोच अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा.

३. जुळवणी: खरं काम इथे आहे

एक वही घ्या. डावीकडे बिलातली ओळ, उजवीकडे केसपेपरमधली नोंद. समजा, औषधांच्या तक्त्यात एक इंजेक्शन दिवसातून दोनदा, तीन दिवस दिल्याची नोंद आहे. म्हणजे सहा. बिलात चौदा लागली असतील, तर आठांचे पैसे परत मागायचे. उरलेली औषधं मेडिकलला परत गेली असतील, तर त्यांची वजावट दिसली पाहिजे.

डॉक्टरांच्या व्हिजिट मोजा. प्रत्येक व्हिजिटला केसपेपरमध्ये नोंद आणि सही हवी. आयसीयूतून वॉर्डात हलवलं त्या दिवशी दोन्हीकडचं पूर्ण भाडं लावलंय का, ते बघा. पॅकेज ठरलं होतं का? मग त्यात काय काय धरलं होतं ते लेखी मागा, कारण ओटी (ऑपरेशन थिएटर), भूल आणि हातमोजे पॅकेजमध्ये धरून पुन्हा वेगळे लावण्याचा प्रकार फार चालतो. ‘इतर’, ‘संकीर्ण’, ‘सर्व्हिस चार्ज’ अशा ओळींचा तपशील मागितल्याशिवाय त्या सोडू नका.

औषधांची वेष्टनं टाकू नका, एमआरपी तिथेच असते. पण एमआरपीच्या आत असलेली किंमतही रास्त असतेच असं नाही. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. आजाऱ्याच्या घरच्यांकडून असा नफा काढणं ही लूट आहे, आणि तिला लूटच म्हटलं पाहिजे. हृदयाच्या स्टेंटला मात्र २०१७ पासून कमाल किंमत ठरलेली आहे. बिलात स्टेंट वेगळा दाखवून ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांक लिहावा लागतो. ते नसेल किंवा किंमत मर्यादेबाहेर असेल, तर थेट या प्राधिकरणाकडे तक्रार करा.

जीएसटीही बघा. रुग्णसेवेवर तो सहसा लागत नाही. दिवसाला ५,००० रुपयांहून जास्त भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे, आयसीयूवर नाही.

४. रुग्णालयाला पत्र

पत्र एका पानाचं ठेवा, रुग्णालयाच्या प्रमुखाच्या नावाने. संताप मनात असू द्या, कागदावर फक्त तक्ता: तारीख, बाब, बिलातली संख्या, केसपेपरमधली संख्या, परत हवी असलेली रक्कम. शेवटी: ‘वरील रक्कम १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावी, अन्यथा संबंधित यंत्रणेकडे तक्रार करावी लागेल.’ अनेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण समोरच्याला कळतं की यांनी केसपेपर वाचलाय.

विमा असेल तर हेच पत्र विमा कंपनीलाही द्या. कंपनीने भरलेल्या भागाचा परतावा कंपनीचा असतो, पण खोट्या ओळींनी तुमचीच विम्याची रक्कम संपत असते.

५. वरची दारं

खासगी रुग्णालयांना लागू असलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये बदल झाले. रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं तेव्हापासून बंधनकारक आहे. दर लावलेले नसतील, तर भिंतीचा फोटो काढून ठेवा. तक्रार महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करायची, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे.

रुग्णालय ट्रस्टचं आहे का, हेही शोधा. कितीतरी चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय असतात. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. हे नाकारलं असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी पैसे घेतले असतील, तर आधी आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा. ती सेवा रोकडरहितच असते.

यानेही काम झालं नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पत्रव्यवहारात ती निघून जाऊ देऊ नका.

६. पैसे परत मिळताना

रुग्णालय बहुधा एका कागदावर सही मागतं: ‘संपूर्ण समाधान झाले, यापुढे कोणतीही तक्रार नाही.’ रक्कम अर्धीच मिळत असेल, तर अशी सही करू नका. ‘मागणीपैकी अमुक रक्कम मिळाली, उरलेल्या रकमेबाबत हक्क राखून’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि मगच सही करा. उपचारातल्या हलगर्जीपणाची वेगळी तक्रार असेल, तर तिच्याबद्दल त्या कागदात एक शब्दही येता कामा नये.