जुन्या ऑटोमॅटिक गाडीला कोणतं एटीएफ घालायचं?

एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. त्याला लाल रंग देतात तो गाडीखाली गळती दिसली तर ती इंजिन ऑइलची नाही हे कळावं म्हणून. दर्जाशी त्या रंगाचा काही संबंध नाही. तेव्हा दुकानात "गिअरचं लाल ऑइल द्या" म्हणू नका, स्पेसिफिकेशन सांगा. ते ओनर्स मॅन्युअलमध्ये मिळतं, काही गाड्यांत डिपस्टिकवरही (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) छापलेलं असतं.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधी गिअरबॉक्स कोणत्या जातीचा ते पक्कं करा. एएमटी (२०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे आलेली) म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच; त्यात एटीएफ ओतायचं नाही. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, बेल्टवर चालणाऱ्या गिअरबॉक्सचं) ऑइलही वेगळं. तिथे साधं एटीएफ गेलं तर बेल्ट घसरतो.

राहिल्या टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) गाड्या. इथे खरा घोळ आकड्यांचा होतो. ह्युंदाईच्या पहिल्या आय-१० ऑटोमॅटिकला एसपी-३ नावाचं एटीएफ लागतं. एसपी-४ हे त्याचं सुधारित रूप नव्हे, ते पातळ आहे आणि सहा गिअरच्या बॉक्ससाठी आहे. टोयोटाचं टाइप टी-४ आणि डब्ल्यूएस यांचंही तसंच, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. उलट होंडाने झेड-१ बंद करून त्याच जागी डीडब्ल्यू-१ दिलं, आणि जनरल मोटर्सने डेक्स्रॉन-३ चे परवाने २००६ अखेर थांबवून डेक्स्रॉन-६ पुढे केलं. म्हणजे नवं ऑइल जुन्याच्या जागी चालतं की नाही हे ज्याने गाडी बनवली त्यानेच सांगायचं, दुकानदाराने नव्हे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा या ऑइलातच बुडून पकड घेतात. ऑइल जास्त निसरडं झालं तर प्लेटा घसरून तापतात. कमी निसरडं झालं तर गिअर पडताना झटका बसतो, किंवा बेताच्या वेगात एकसारख्या गतीने जाताना गाडी थरथरते, जणू रस्त्यावर बारीक रंबलर आहेत. झिजलेल्या सीलमधून पातळ ऑइलचा दाबही लवकर उतरतो.

बदलण्याआधी डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. तांबूस तपकिरी असेल तर वय झालंय, एवढंच. काळा आणि जळका वास असेल तर क्लच जळलेत, आणि ते नव्या ऑइलने भरून येत नाहीत. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधून कूलंट आत शिरतंय. गाडी चालवणं तिथेच थांबवा.

जुन्या गाडीला मशीनने फ्लश करून घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे, कारण दाबाने सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलायला ऑइल वळवणारा भाग) अडकतो. ड्रेन प्लगमधून काढा. टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल त्यातून येत नाही. एकूण ६ लिटरपैकी ३ निघालं तर एका वेळी निम्मंच नवं झालं. ५००-१००० किलोमीटरनंतर पुन्हा केलं की ७५ टक्के, तिसऱ्यांदा सुमारे ८७. प्लगच्या चुंबकावर करडी, काजळासारखी पेस्ट चालेल, धातूचे तुकडे नाही. प्लगचा वॉशर नवा टाका.

निघालेलं ऑइल मापून तेवढंच भरा. मग ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद ठेवा आणि गरम गिअरबॉक्सवर लेव्हल बघा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, पण होंडात बंद केल्यावर साधारण दीड मिनिटाच्या आत. लेव्हल वर गेली असेल तर जादाचं काढाच. फिरत्या भागांत घुसळून फेस होतो आणि गिअर स्लिप व्हायला लागतात.