आईच्या लुगड्याची, बाबांच्या शर्टांची गोधडी शिवताना या चुका टाळा

घरातलं माणूस गेलं की तेरावं होईपर्यंत कपाट रिकामं करायची घाई सुरू होते. मुंबईतल्या घरात जागेची ओढाताण असतेच. कोणीतरी म्हणतं, "देऊन टाका, कोणाच्या तरी अंगाला लागतील." आठवणीची गोधडी शिवायचं त्यानंतर सुचतं, आणि तोवर हाती उरतात ठेवणीतल्या साड्या आणि दोन इस्त्रीचे शर्ट. कॉलर झिजलेला सदरा, घरात नेसायची साडी, अंगावर घ्यायची चादर हे सगळं निघून गेलेलं असतं. गोधडीत माणूस ओळखू येतो तो याच कपड्यांतून. म्हणून एक पिशवी आधीच बाजूला काढा. तिचं काय करायचं, ते सावकाश ठरवता येईल.

विचारल्याशिवाय कात्री लावणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, कापलेला शर्ट परत जोडता येत नाही. भावंडं, मामा, आत्या, सगळ्यांना आधी विचारा. प्रत्येक कपड्याचा अखंड फोटो काढा. एकाच शर्टाच्या दोन गोधड्या होऊ शकतात: पाठ एकीला, खिसा दुसरीला. कपड्याला अजून त्या माणसाचा वास येत असेल, तर एखादा कपडा न धुता, न कापता ठेवून द्या. धुतल्यावर तो वास परत येत नाही. खिशावरचा शाईचा डागही मुद्दाम राखायचा असेल तर तो भाग धुण्याआधीच वेगळा करा.

विरलेलं कापड तसंच वापरणं

गोधडी वर्षभरात फाटते ती बहुधा या कारणाने. कापड खिडकीशी उजेडात धरा. जिथे विणीतून उजेड जास्त येतो, तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताण द्या. बारीक 'टर्र' ऐकू आलं तर ते कापड एकट्याने शिलाई पेलणार नाही. लुगडं बसण्याच्या जागी आणि पायाशी घासणाऱ्या काठालगत आधी विरतं. जुनं रेशीम घडीवर चिरतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेल्या पैठणीची घडी उलगडली की रेघेवर धागे तुटलेले दिसतात. अशा कापडाला खालून मलमल लावा, दोन्ही मिळून एकच कापड समजा आणि मगच चौकोन कापा. मलमल आधी धुऊन घ्या. मंगलदास मार्केटात ती मीटरवर मिळते. जरीवर थेट इस्त्री फिरवू नका. वर सुती फडकं ठेवून कमी आचेवर दाबा.

सगळ्या कापडांना एकच वागणूक

बाबांचा टेरिकॉटचा शर्ट, बेस्टच्या गणवेशाची खाकी, मुलाचा होजियरीचा टी-शर्ट आणि आजीचं सुती लुगडं एकाच सुईने, एकाच ओढीने शिवलं की गोधडीला लाटा येतात. टी-शर्ट ताणला जातो, म्हणून त्याला उलट्या बाजूने इस्त्रीचं पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं कापड, लावायचं. क्रम महत्त्वाचा: आधी टी-शर्टाचा हवा त्याहून दोन इंच मोठा तुकडा काढा, मग पेस्टिंग चिकटवा, गार होऊ द्या आणि शेवटी मापात कापा. आधी मापात कापून मग चिकटवलं की चौकोन तिरका होतो. इस्त्री घसटत नेऊ नका, उचलून उचलून दाबा. छापील चित्रावर इस्त्री टेकली तर ते चित्र तळाला चिकटून निघून येतं.

सुईचंही तसंच. साध्या सुतीला 14 नंबर, रेशीम-मलमलीला 11, खाकीला आणि जाड सफारीला 16, होजियरीला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई. टी-शर्टावर टाके सुटत असतील तर मशिनला दोष देण्याआधी सुई बदलून बघा. खाकीच्या शिवणी दोन्हीकडे उघडून दाबा, नाहीतर चार कोपरे एकत्र येतात तिथे गाठीसारखा उंचवटा होतो आणि सुई तुटते.

माप चुकणं

5 बाय 6, म्हणजे 30 चौकोन, शिवून झाल्यावर प्रत्येकी 12 इंचाचे धरले तर गोधडी 60 बाय 72 इंचाची होते. कापताना प्रत्येक चौकोन साडेबारा इंचाचा हवा, कारण चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं. कपडे शिवणाऱ्या हाताला अर्धा इंच घ्यायची सवय असते. काही शिवणी पाव इंचाच्या आणि काही अर्ध्याच्या झाल्या की कोपरे जुळत नाहीत. टेलरकडे देणार असाल तर हे कागदावर लिहून द्या, मांडणीचा फोटो द्या, प्रत्येक चौकोनाला नंबराची चिठ्ठी टाचा आणि उरलेल्या चिंध्या परत हव्यात हेही स्पष्ट सांगा. बरेचजण त्या टाकून देतात, आणि नेमकं त्यातच एखाद्या बाहीचं कफ असतं.

शर्टाच्या पाठीतून एक मोठा चौकोन सहज निघतो. पुढून खिसा हवा असेल तर बटणं लावून मगच माप घ्या आणि बटणपट्टी आतून शिवून बंद करा. गोधडी लहान मुलाकडे जाणार असेल तर बटणं काढाच. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना ती पांघरू नका.

थर आणि धावदोरा

मुंबईच्या हवेत जाड पॉलिफिल, म्हणजे कृत्रिम कापूस, घातलेली गोधडी दहा महिने कपाटात राहते. आपली पारंपरिक पद्धतच बरी: आत जुन्या साड्यांचे थर. नऊवारीचे साधारण दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात. दोन-दोन शेजारी जोडले की सुमारे 80 बाय 88 इंचाचे दोन थर मिळतात. वरचा, खालचा आणि मध्ये हे दोन, असे चार थर पुरेत. सहा-सात झाले की हाताची सुई आत जात नाही आणि टाके वरच्या थरातच राहतात.

चुण्या पडतात त्या कच्चे टाके न घातल्याने. सगळे थर गादीवर किंवा जमिनीवर ताणून पसरा, वीतभर अंतराने कच्चे टाके घाला, मगच धावदोरा सुरू करा. ओळींमध्ये बोटभर अंतर ठेवा. मशिनने घालणार असाल तर मध्यापासून बाहेर या, म्हणजे जास्तीचं कापड कडेला सरकतं.

रंग, पाणी, ओल

पांढरं धोतर आणि लाल इरकल शेजारी लावण्याआधी लाल कापडावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग लागला तर कापड गार पाण्यात वेगळं धुवा, फडकं स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्याने सुटणारा रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबू नका. रंग थांबतच नसेल तर ते कापड पांढऱ्यापासून लांब ठेवा. अस्तर नवं असेल तर तेही आधी धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि वरची बाजू चुरगळते. लोकरीची शाल सुतीबरोबर जोडू नका. ती धुण्यात आवळते.

ओली गोधडी एकाच दोरीवर किंवा खिडकीच्या ग्रिलवर टांगली तर पाण्याच्या वजनाने टाके ओढले जातात. तीन-चार दोऱ्यांवर आडवी पसरा, रेशीम असेल तर सावलीत. पावसाळ्यात धुऊ नका. जूनच्या आधी कडक ऊन दाखवून सुती खोळीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेल्या गोधडीवर ऑगस्टपर्यंत बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात आणि ते सहसा निघत नाहीत. दर दोन महिन्यांनी घडी बदला, जरीच्या काठावर तीच रेघ पुन्हा पडू देऊ नका.